समुद्रात बुडी मारताना अंगात काय घालावे?

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडच्या गाड्या कोकणाकडे निघतात. घाटनांदूर, अंबाजोगाई, परळी या भागातील मंडळी पूर्वी कोकणात जायची ती बहुधा गणपतीपुळ्याच्या दर्शनाला. आता त्यात मालवण आणि तारकर्लीची भर पडली आहे. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, माशाचे जेवण जेवायचे आणि जमल्यास 'स्कूबा' करायचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या पाण्याखाली उतरायचे, असा बेत ठरतो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला या विषयाचे शिक्षण देणारी संस्थाच काढली आहे. त्यामुळे मराठवाड्यातील माणसालाही समुद्राचा तळ पाहणे आज अशक्य राहिलेले नाही.

आपल्याला समुद्र नाही. आपले पोहणे विहिरीतले. पाठीला सुका भोपळा किंवा पांगऱ्याचा ओंडका बांधून, काठावरून कोणीतरी ढकलून दिल्यावर शिकलेले! विहिरीत उतरताना कपड्याचा विचार कोणी करत नाही. साधी चड्डी पुरते. हीच सवय घेऊन माणूस मालवणला पोहोचतो. जाण्यापूर्वी मुक्कामाची चौकशी होते, भाड्याची घासाघीस होते, पण पाण्यात उतरताना अंगात काय असावे हे कोणी विचारत नाही. 'वरून तो रबराचा सूट घालायचाच आहे, मग आत काही का असेना,' असा समज असतो.

हा समज चुकीचा आहे. आतला कपडा चुकला तर पाण्याखालचा अर्धा वेळ अंग खाजवण्यात आणि कपडा सावरण्यात जातो. जांघा सोलवटतात. परतल्यावर आठ-दहा दिवसांनी गजकर्ण उठते आणि ते घरभर पसरते. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. 'आपल्याला तसले कपडे घालता येणार नाहीत' असे वाटून घरातील बायका होडीतच बसून राहतात, आणि पुरुष व मुले तेवढी पाणी पाहून येतात. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी लागणारी माहिती फार अवघड नाही.

वेटसूट म्हणजे काय?

वेटसूट याचा सरळ अर्थ ओला होणारा सूट. पाणबुडे जो काळा, जाडसर, अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालतात तो हाच. तो निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. हे रबर अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत १९३० साली तयार झाले. त्याचा फेसाळ प्रकार वापरून पाणबुड्यांचा पोशाख करावा ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठातील ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांत पुढे आणली.

या रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. वायूतून उष्णता सहज जात नाही. आपल्या गोधडीच्या थरांत हवा अडकते आणि म्हणून ऊब येते, तसेच हे. सूट घालून पाण्यात उतरले की थोडे पाणी सूट आणि त्वचा यांच्यामध्ये शिरते. तो पातळ थर शरीराच्या उष्णतेने लवकर कोमट होतो आणि तेथेच राहतो. बाहेरच्या गार पाण्याचा संबंध तुटतो.

'कोकणातले पाणी तर कोमट असते, मग सूट कशाला?' असा प्रश्न येईल. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस. मालवणचे समुद्राचे पाणी हिवाळ्यातही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते. हवेत हे तापमान सुखाचे वाटते. पण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे अर्धा-पाऊण तास पाण्यात राहिलेल्या माणसाचे दात वाजू लागतात. लहान मुले आणि किडकिडीत अंगाची माणसे तर लवकरच गारठतात. शिवाय खडकांवरचे धारदार शिंपले, प्रवाळ आणि जेलीफिशचे डंख यांपासूनही सूट अंग राखतो.

आता मुद्द्याची गोष्ट. कोमट पाण्याचा तो थर जागच्या जागी राहावा यासाठी सूट अंगाला चिकटून बसला पाहिजे. आत जाड कपडा, घडी, गाठ किंवा बटण आले की तेथे सूट उचलला जातो. त्या फटीतून गार पाणी आत-बाहेर होऊ लागते. जेथे उचलला जात नाही तेथे ती घडी त्वचेत रुतते. म्हणून आतला कपडा पातळ, अंगासरशी आणि ताणला जाणारा असावा, हे एक सूत्र लक्षात ठेवले तर पुढचे सारे त्यातून आपोआप कळते.

सुती कपडा येथे नको

आमच्या या सदरातून सुती कपडे वापरा असे वारंवार सांगितले जाते. उन्हाळ्यात, शेतात, स्वयंपाकघरात ते योग्यच आहे. सूत घाम टिपते, आणि घाम वाळताना अंग थंड होते. पण जो गुण उन्हात उपयोगी, तोच पाण्यात त्रासाचा ठरतो.

सुती बनियन किंवा सुती चड्डी भरपूर पाणी धरून ठेवते. ओले सूत ताणले की सैल पडते आणि मग त्याच्या वळ्या होतात. सूट वरून दाबत असतो. त्यामुळे त्या वळ्या जांघेत, काखेत आणि गुडघ्यामागे रुततात. पाण्याखाली माणूस सतत पाय मारत असतो. प्रत्येक वेळी ती वळी त्याच जागी घासते. समुद्राच्या पाण्यात मीठ आहे, आणि मीठ लागलेल्या ओल्या त्वचेवर झालेले घर्षण कोरड्यापेक्षा अधिक झोंबते. पंधरा-वीस मिनिटांत त्वचा लाल होते. होडीत चढून सूट काढला की तेच ओले सूत वाऱ्यावर अंगाची ऊब काढून घेते आणि हुडहुडी भरते.

जीन्सची पँट तर आत मुळीच घालू नये. तिची शिवण जाड, खिशांना धातूचे टाचे, कमरेला मोठे बटण. ओली झाली की वाळायला दिवस लागतो. पाण्यातून होडीच्या शिडीवर चढताना तिच्यातील पाण्याचे ओझे पायांना खाली ओढते.

त्याऐवजी नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये लायक्रासारखा ताणणारा धागा मिसळलेले कापड घ्यावे. पोहण्याचे बहुतेक पोशाख याच कापडाचे असतात. ते पाणी फारसे शोषत नाही, अंगासरशी राहते, आणि त्यावरून वेटसूट सहज सरकतो. हा शेवटचा फायदा लहान नाही. ओल्या किंवा घामेजलेल्या उघड्या अंगावर घट्ट रबर चढवणे म्हणजे झटापटच असते!

पुरुषांसाठी

पोहण्याची आखूड चड्डी किंवा गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी चांगली. त्यातही गुडघ्यापर्यंतची अधिक बरी, कारण मांडीला मांडी घासत नाही. सायकल चालवणारे खेळाडू घालतात तशी घट्ट चड्डी चालेल, मात्र तिच्या बैठकीला जाड गादी शिवलेली नसावी. ती गादी पाणी पिते.

सैल बर्म्युडा समुद्रकिनाऱ्यावर फिरायला ठीक आहे. वेटसूटच्या आत मात्र तिचा सगळा घोळ मांड्यांच्या वर गोळा होतो. खिसे असतील तर त्यांत पाणी आणि वाळू भरते. कमरेच्या नाडीची गाठ पोटावर येते, आणि नेमका त्यावरच शिशाच्या वजनांचा पट्टा बांधला जातो. पाण्याखाली राहण्यासाठी हा पट्टा लागतो, त्यामुळे तो सैल ठेवून चालत नाही. गाठ असेल तर ती रुतणारच. म्हणून नाडीपेक्षा सपाट इलॅस्टिकची कंबर बरी. नाडी असलीच तर सुरगाठ कडेला, कमरेच्या बाजूला आणावी.

आपल्याकडे अनेक पुरुषांच्या कमरेला करदोडा असतो. साधा दोऱ्याचा असेल तर अडचण नाही. चांदीचा असेल किंवा त्यात ताईत, किल्ली अडकवलेली असेल तर तो काढून ठेवावा. गळ्यातील साखळी, हातातील कडे, अंगठ्या हेही मुक्कामावरच ठेवावे. गार पाण्यात बोटे किंचित आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. तंबाखूची पुडी चड्डीच्या खिशात ठेवून पाण्यात उतरणारेही असतात. त्यांना वेगळे काय सांगावे!

स्त्रियांसाठी

येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मनात प्रश्न असूनही ते विचारले जात नाहीत.

पहिली गोष्ट, पूर्ण लांबीचा वेटसूट मानेपासून घोट्यापर्यंत अंग झाकतो. त्याच्या आत काय आहे ते कोणालाही दिसत नाही. त्यामुळे पाण्याखाली जाण्यासाठी उघडे-वाघडे कपडे घालावे लागतात ही भीती निराधार आहे. पोहण्याचा एकसंध पोशाख ज्यांना चालतो त्यांनी तो अवश्य घालावा; सूटच्या आत तो उत्तम बसतो. ज्यांना तो नको असेल त्यांनी नायलॉन-लायक्राची घोट्यापर्यंतची लेगिंग आणि त्याच कापडाचा पूर्ण बाह्यांचा, अंगासरशी बसणारा टी-शर्ट घालावा. पोहण्यासाठी असे अंगभर पोशाख आता तयार मिळतात. रोजच्या वापराची सुती लेगिंग मात्र नको.

आतील वस्त्रांबाबत एवढे लक्षात ठेवावे. मागे हूक असलेली किंवा तार घातलेली ब्रेसियर टाळावी. पाठीवर हवेची टाकी असते, तिचे पट्टे खांद्यावरून आणि छातीवरून आवळले जातात. हूक आणि तार त्या दाबाखाली त्वचेत रुततात. खेळाडू मुली घालतात तशी, डोक्यातून चढवायची, बिनहुकाची ब्रेसियर योग्य. रंग गडद असावा. पांढरा व फिका पातळ कपडा ओला झाल्यावर पारदर्शक होतो, आणि सूट काढल्यावर होडीत संकोच वाटतो.

साडी, परकर, ओढणी आणि सैल पंजाबी ड्रेस यांच्यावर वेटसूट चढतच नाही. पण काही ठिकाणी सूट न देता नुसत्या कपड्यांवर पाण्यात उतरवतात. तेथेही हे कपडे नकोत. ओढणी आणि साडीचा घोळ पायांत किंवा हवेच्या नळीत गुंतू शकतो. हा प्रश्न लाजेचा राहत नाही, जिवाचा होतो.

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, पिना आणि केसांचे चाप काढून ठेवावेत. जोडवी निघत नसतील तर त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे पायातील पंख्याला ती अडकणार नाहीत. केस मानेवर खाली, सैल बांधावेत. उंच अंबाडा घातला तर डोळ्यांवरच्या मुखवट्याचा पट्टा नीट बसत नाही.

कपडे बदलायला आडोसा मिळेल की नाही, ही आणखी एक चिंता. त्यावर उपाय सोपा आहे. आतला पोशाख मुक्कामावरच घालून त्यावर गाऊन किंवा सैल कुर्ता चढवून निघावे. किनाऱ्यावर फक्त वरचा कपडा उतरवायचा आणि सूट चढवायचा. परतल्यावर मोठा टॉवेल किंवा जुने लुगडे अंगाभोवती धरले की काम भागते.

मासिक पाळीच्या दिवसांत पाण्यात उतरण्यास वैद्यकीय मनाई नाही. नेहमीचे पॅड मात्र पाणी शोषून फुगते, निरुपयोगी होते आणि घासते. ज्यांना मासिक पाळीचा कप किंवा टॅम्पॉन वापरण्याची सवय आहे त्यांना अडचण येत नाही. नवीन प्रयोग समुद्रकिनारी करू नये. सवय नसेल तर दिवस बदलून घ्यावा. गरोदरपणात मात्र स्कूबा पूर्णपणे वर्ज्य समजावे. वाढलेल्या दाबाचा गर्भावर काय परिणाम होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

बायकांनी पाण्यात जायचे नसते असे ज्यांना वाटते त्यांनी कोरियातील जेजू बेटाकडे पाहावे. तेथे समुद्राच्या तळाशी बुड्या मारून शिंपले व शेवाळ काढण्याचे काम पिढ्यान्पिढ्या बायकाच करत आल्या आहेत. त्यांना हेन्यो म्हणतात. त्यांतील बऱ्याच जणी आज साठी ओलांडलेल्या आहेत. १९७० च्या दशकापर्यंत त्या सुती कपड्यांत बुडत. हिवाळ्यात थोडा वेळ पाण्यात राहिले की काठावर येऊन शेकोटीपाशी बसावे लागे. रबरी सूट आल्यावर त्या कितीतरी जास्त वेळ पाण्यात राहू लागल्या. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेला मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले. सूत आणि रबर यांतील फरकाचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

सूटचे माप कसे पाहावे?

भाड्याचे सूट ठराविक मापांचे असतात. घाईगर्दीत हाताला येईल तो सूट पर्यटकाच्या अंगावर चढवला जातो. तेथे जरा आग्रह धरावा. सूट घालून हे करून पाहा.

दोन्ही हात सरळ वर करा. खाली बसून उठा. मग छाती फुगवून पाच-सहा वेळा पूर्ण श्वास घ्या. श्वास अडत असेल तर सूट लहान आहे. पाण्याखाली छातीवर आधीच पाण्याचा दाब असतो. त्यात सूट आवळत असेल तर दम लागल्यासारखे होते, माणूस घाबरतो आणि घाईने वर यायला पाहतो. स्कूबामध्ये घाबरणे हाच सर्वांत मोठा धोका.

मानेकडे विशेष लक्ष द्यावे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ रक्तदाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते. गळपट्टी तेथे जोराने दाबत राहिली तर नाडी मंद होऊन डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. गळ्याशी घट्ट वाटले तर 'चालते हो' म्हणून गप्प बसू नये. लगेच सांगावे. आत टी-शर्ट घातला असेल तर त्याची कॉलर किंवा गळपट्टी सूटच्या गळ्यात अडकलेली नाही ना, हेही पाहावे.

उलट सूट सैल असेल, पाठीत किंवा कंबरेत पोकळी राहत असेल, तर गार पाणी आत खेळत राहील. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि रबरातील बुडबुडे निम्मे होतात. म्हणजे वर अंगाला बरोबर बसणारा सूट खाली आणखी पातळ होतो. म्हणून किनाऱ्यावर किंचित घट्ट पण श्वास मोकळा, हे माप योग्य.

सूट चढवताना पायाला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालावी. पाय झटकन आत सरकतो. चेन बहुधा पाठीकडे असते. ती दुसऱ्याकडून लावून घ्यावी, आणि लावताना आतला कपडा तिच्या दातांत सापडू देऊ नये.

लघवीचा प्रश्न

हा विषय हसण्यावारी नेला जातो, पण तो शरीरशास्त्राचा आहे. पाण्यात उतरल्यावर हातापायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते. शरीराला वाटते की रक्तातील पाणी वाढले, आणि मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करू लागतात. म्हणून पाण्यात गेल्यावर लघवीची भावना होणे स्वाभाविक आहे. सूट घालण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. मात्र लघवी लागू नये म्हणून सकाळपासून पाणी न पिणे चुकीचे. उन्हात आणि समुद्रावर शरीर कोरडे पडते.

भाड्याच्या सूटमध्ये काय काय होऊन गेलेले असते, याची कल्पना यावरून वाचकांना यावी! आतला कपडा स्वतःचा आणि शक्य तितका अंगभर असावा, याचे हे एक मोठे कारण आहे.

त्वचेचे विकार आणि परतीचा प्रवास

एकाच सूटात दिवसाकाठी अनेक माणसे उतरतात. दोन माणसांमध्ये तो नीट धुतला आणि वाळवला गेला नाही तर ओलसर, उबदार रबरात जंतू वाढतात. त्यामुळे एक-दोन दिवसांत केसांच्या मुळाशी लाल, दुखऱ्या पुळ्या येऊ शकतात. सूटने झाकलेल्या भागावर, विशेषतः जेथे तो घट्ट दाबतो तेथे, त्या अधिक दिसतात. बहुतेक वेळा त्या आपोआप बऱ्या होतात. ताप आला किंवा पू वाढला तर डॉक्टरांना दाखवावे. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी काखा-जांघांचे केस काढू नयेत. सोललेल्या त्वचेत जंतूंना वाट मिळते आणि खारे पाणी झोंबते ते वेगळेच.

काही जणांना निओप्रीनमधील रासायनिक द्रव्यांची ॲलर्जी असते. सूट जेथे जेथे लागला तेथे खाज व लाली येते. अशा माणसांनी आत पूर्ण बाह्यांचा पोशाख घालणे हिताचे. कधी कधी जेलीफिशची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले पोशाखात अडकून राहतात, आणि नेमके पोशाखाखालीच पुरळ उठते. अंग चुरचुरू लागले तर आधी पोशाख उतरवावा आणि मगच गोड्या पाण्याने आंघोळ करावी. पोशाख अंगात ठेवून वर गोडे पाणी घेतले तर डंख वाढतात. अंग टॉवेलने खसाखसा चोळू नये.

सर्वांत जास्त त्रास मात्र होतो तो गजकर्णाचा, आणि तो बहुधा परतीच्या प्रवासात सुरू होतो. मालवणहून आपल्या गावी यायचे तर रात्रभराचा प्रवास. मंडळी दुपारी समुद्रातून निघतात, वरचे कपडे बदलतात, आतली ओली चड्डी तशीच ठेवून गाडीत बसतात. जांघा खाऱ्या पाण्याने आधीच घासलेल्या, त्यात दहा-बारा तास ओल आणि ऊब. बुरशीला आणखी काय हवे? मधुमेह असलेल्यांना आणि स्थूल माणसांना ही लागण लवकर होते.

म्हणून समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने साबण लावून आंघोळ करावी. जांघा, काखा, स्तनांखालची जागा आणि पायांच्या बोटांमधील बेचके कोरडी पुसावीत. आतले कपडे पूर्ण बदलावेत. आता सुती कपडे घालावेत. येथे सूतच चांगले. ओला पोशाख पिशवीत कोंबून आणू नये. तो गोड्या पाण्यातून पिळून गाडीत कोठेतरी पसरावा, आणि घरी आल्यावर धुऊन सावलीत वाळवावा. एकाचा टॉवेल दुसऱ्याने घेऊ नये.

गोल, कडेला लाल, खाजरा चट्टा उठलाच तर दुकानातून कोणतेही मलम आणून लावू नये. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा फिका पडतो आणि रोगी खूश होतो. पण बुरशी आत पसरत राहते. गेल्या दशकात आपल्या देशात गजकर्ण फार हट्टी झाले आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा विकार आता महिनोन्महिने रेंगाळतो, आणि नेहमीची औषधे काही रोग्यांत लागू पडत नाहीत. अशा मलमांचा बेसुमार वापर हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून औषध पुरते दिवस घ्यावे. ज्याला आधीच गजकर्ण आहे त्याने बरे होईपर्यंत भाड्याचा सूट घालू नये. आपला आजार पुढच्या माणसाला देणे बरे नव्हे.

घरच्या घरी चाचणी

सहलीला निघण्यापूर्वी एक सोपी चाचणी करावी. आणलेला पोशाख अंगात घालून न्हाणीघरात अंगावर बादलीभर पाणी ओतून घ्या. मग ओल्या अंगानेच वीस उठाबशा काढा, हात गोल फिरवा, पाय मारल्यासारखे करा. कोठे टोचते, कोठे वळी पडते, कंबर खाली घसरते का, कापड पारदर्शक होते का, हे पाच मिनिटांत कळते. शिवण हाताने चाचपून पाहावी. सपाट शिवण चांगली. टोचणारा कापडी शिक्का आतून लावलेला असेल तर तो उसवून टाकावा. पोशाख नवा असेल तर एकदा धुऊन मगच वापरावा.

हीच चाचणी पोहण्याच्या तलावासाठी आणि विहिरीसाठीही उपयोगी आहे. विहिरीत साडी किंवा सलवार-ओढणी घालून मुलींना पोहायला शिकवू नये. ताणणारी पँट आणि अंगासरशी टी-शर्ट घातला तर त्या मुलांइतक्याच लवकर शिकतात.

काही नेहमीचे प्रश्न

आत काहीच न घालता सूट घातला तर? ज्यांचा स्वतःचा सूट आहे असे काही पाणबुडे तसे करतात. भाड्याच्या सूटमध्ये हे मुळीच करू नये.

अंगाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावले तर घासणे कमी होईल का? तेलकट अंगावर भाड्याचा सूट घालणे चालकांना चालत नाही, आणि चेहऱ्यावर तेल असेल तर मुखवटा सरकून पाणी आत येते. कपडा योग्य असेल तर तेलाची गरज पडत नाही.

लहान मुलांना काय घालावे? खेळाची पॉलिएस्टरची घट्ट पँट व टी-शर्ट पुरतो. मात्र दहा वर्षांखालील मुलांना टाकी बांधून समुद्रात उतरवू नये.

आयुष्यभर साडीच नेसलेल्या बाईला जमेल का? घरच्या चाचणीत दोन-तीनदा तो पोशाख घालून वावरले की संकोच पुष्कळ कमी होतो. सोबत घरातील दुसरी एखादी बाई असली तर आणखी सोपे. प्रकृती चांगली असेल तर वय आड येत नाही.

शेवटी एक सूचना. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाच्या पडद्याला भोक किंवा सध्या जोराची सर्दी यांपैकी काही असेल तर पोशाख कितीही चांगला असो, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पाण्याखाली उतरू नये. उतरण्यापूर्वी जो कागद भरून घेतात त्यात खरी माहिती लिहावी. बाकीच्यांनी पातळ, अंगासरशी, बिनगाठीचा, स्वतःचा आणि स्वच्छ पोशाख बरोबर घ्यावा, कोरडा दुसरा जोड पिशवीत ठेवावा, आणि घरातील बायकांनाही होडीत बसवून न ठेवता पाण्यात घेऊन जावे.